फुटामागे एक सूत

बदलापूरच्या शोरूममध्ये बाबांनी एका पांढऱ्याशुभ्र कपाटाच्या कडेला अंगठ्याचं नख दाबलं, आणि नखाची चंद्रकोर तिथे उमटली. सेल्समन बघतच राहिला.

"पुठ्ठा आहे हा, बाय," बाबा मला म्हणाले, तेही अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात. "वरून कागद चिकटवलाय. फरशी पुसताना चार वेळा पाणी लागलं की पावासारखा फुगेल."

"अंकल, ये इंजिनियर्ड वुड है," सेल्समन म्हणाला.

"तो इंजिनियर को बुलाओ."

मी त्यांचा दंड धरून त्यांना बाहेर काढलं आणि फुटपाथवरच भांडायला उभी राहिले. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या अंबरनाथ एमआयडीसीतल्या कंपनीत सगळ्यांना ठाऊक आहे. मी तिथे क्वालिटीला आहे. मशीनवरून आलेले भाग मोजायचे, मापात असतील तर पुढे पाठवायचे, नसतील तर लाल खडूने फुली मारायची. वीस वर्षं फुल्या मारून माणसाचा स्वभाव आणखी काय होणार? त्यात नवा वन बीएचके घेतलेला, घरात एक पलंग, एक गॅस आणि दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि हे तिसरं दुकान होतं जिथून बाबांमुळे मी रिकाम्या हाताने बाहेर पडले होते.

बाबांचंही बरोबर होतं म्हणा. त्यांचं आयुष्य लाकडात गेलेलं. अंबरनाथच्या एका फाउंड्रीत ते पॅटर्न मेकर होते. ओतकामाचा कुठलाही भाग, म्हणजे पंपाची बॉडी असो की मोठं चाक, आधी हुबेहूब लाकडात घडवावा लागतो. त्या लाकडी नमुन्याभोवती वाळू ठासतात, नमुना हळूच काढून घेतात आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओततात. तो लाकडी नमुना बनवणारा माणूस म्हणजे माझे बाबा. तीस वर्षांत त्यांचा एकही पॅटर्न परत आला नाही, हे ते दिवसातून एकदा तरी सांगायचे. फाउंड्री बंद पडली, ते रिटायर झाले, आणि दोन वर्षांपूर्वी आई गेली. तेव्हापासून अंबरनाथच्या चाळीतल्या खोलीत एकटेच होते.

त्या खोलीतच ते मोरीत पाय घसरून पडले. तासभर तसेच पडून होते, शेजारच्या काकूंना नळ वाहतोय म्हणून संशय आला तेव्हा कळलं. मला कधी कळलं? आठ दिवसांनी. फोनवर, भेंडीची भाजी कशी करायची हे विचारता विचारता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्याकडे राहायला चला म्हटलं तर एकच उत्तर: "लेकीच्या घरी बापाने मुक्काम ठोकू नये." आमच्या कोकणातल्या जुन्या माणसांच्या हाडात हे मुरलेलं असतं. मी लग्न केलं नाही, का केलं नाही ते सोडा, पण मी म्हणायचे, "जावई नाही, सासू नाही, मग तुम्ही लाजता कोणाला?" ते म्हणायचे, "घर लेकीचंच ना?"

त्यांनी माझ्याजवळ राहावं, एवढंच मला हवं होतं. रोज ऑफिसात फोन वाजला की पुन्हा पडले की काय असं वाटायचं, ते थांबायला हवं होतं.

तर त्या फुटपाथवर मी ओरडले, "एवढं सगळं पुठ्ठाच वाटतंय ना, मग तुम्हीच करून द्या सगळं घर! बघते ना मी पण!"

बाबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मला वाटलं, दुखावले. मग ते म्हणाले, "लाकूड जुनं घ्यायचं. नव्याला दम नसतो." आणि रिक्षाच्या रांगेत जाऊन उभे राहिले. रिक्षात बसल्यावर अट घातली: काम चालू असेपर्यंत ते माझ्याकडे राहतील, काम संपलं की आपल्या खोलीवर परत. मी लगेच हो म्हटलं. मनातल्या मनात मी कामाची यादी लांबवायला सुरुवातही केली होती.

पुढच्या रविवारी आम्ही उल्हासनगरला गेलो. कॅम्प तीनच्या बाजारातून, जीन्सच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत शेअर रिक्षाने आत एका गल्लीत उतरलो. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना दिलेल्या जुन्या लष्करी बराकी, जुनी घरं पाडली की त्यांचं लाकूड इथे येतं. दारं, चौकटी, तुळया, वासे, सगळं भिंतीला टेकवून ठेवलेलं. मला ते भंगार दिसत होतं. बाबांना काय दिसत होतं देव जाणे, पण ते देवळात शिरल्यासारखे चपला बाहेर काढायला निघाले होते, मी थांबवलं. खिळे होते ना तिथे खाली!

दुकानाचे मालक पंचाहत्तरीचे सिंधी गृहस्थ. बाबा तुळईवर बोटाच्या पेराने ठोकायचे, कान लावायचे, चाकूने कोपरा खरवडायचे आणि मला म्हणायचे, "वास घे." मी वास घेत होते. आधी धुळीचा, मग एकदम चामड्यासारखा, तेलकट, गोडसर काहीतरी. जुना बर्मा सागवान. घासाघीस तासभर चालली. दोघांचं हिंदी ऐकण्यासारखं होतं; एक कोकणातून आलेलं, एक सिंधमधून.

"अंकल, आप तो मुझे लूटने आए हो!"

"लूटने आता तो रात को आता, इतवार को नहीं आता!"

एका लांब तुळईवर मात्र मालक भाव उतरवायला तयार होईनात. बाबांनी कारण विचारलं. ते म्हणाले, "हमारी बैरक की है. इसी के नीचे पैदा हुआ मैं." बाबांनी तुळईवरचा हात काढला आणि पुढे एक शब्दही घासाघीस केली नाही. मी त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी सांगेल तो भाव मान्य करताना पाहिलं. निघताना मालकांनी खिडकीची एक चौकट टेम्पोत स्वतः उचलून टाकली, "ये ऐसे ही ले जाओ" म्हणून.

आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर कारखाना सुरू झाला. बाबांची एक पद्धत होती. लाकडाला रंधा लावायच्या आधी ते सुतळीला बांधलेलं लोहचुंबक फळीवरून इंच इंच फिरवायचे. कुठे आत तुटलेला खिळा असला की चुंबक झुकायचं, बाबा तिथे खडूने गोल करायचे, आणि मग चिमट्याने, पटाशीने, गोंजारत तो खिळा बाहेर काढायचे. एका तुळईतून वाटीभर खिळे निघाले. रंगाचे थर तर विचारूच नका. वर पांढरा, खाली निळा, त्याखाली पोपटी, त्याखाली मिलिटरीचा तो मळकट हिरवा. आणि सगळ्यांच्या खाली मधाच्या रंगाचं लाकूड. रंध्याखालून लाकडाचा पहिला पापुद्रा निघाला तेव्हा मी तो ऑफिसच्या पर्समध्ये ठेवून दिला होता, वास येत राहावा म्हणून. मला फार आवडायला लागलं ते सगळं, खोटं कशाला बोलू?

आमच्या कंपनीत परदेशातून मशिनं येतात, त्यांच्या पाइनच्या पेट्या नुसत्या पडून असतात. स्टोअरच्या साहेबांना विचारून मी त्याही आणल्या. बाबांनी आधी नाक मुरडलं, "हे काय लाकूड आहे? दुधी भोपळा आहे." मग त्याच भोपळ्यातून तीन फुटांचं चपलांचं कपाट केलं. स्वयंपाकघरात दोन फुटांची मांडणी केली. खिडकीच्या चौकटीचे पाय आणि तुळईच्या फळ्या लावून चार फुटांचं टेबल केलं, इतकं सुंदर की मी त्यावर पहिले दोन दिवस जेवलेच नाही, हातात ताट घेऊन खुर्चीत बसायचे.

सोसायटीचे सेक्रेटरी धुळीची तक्रार घेऊन गच्चीवर आले. अर्ध्या तासाने खाली उतरले ते मोडक्या स्टुलाचा पाय घेऊन यायला. मग तर बिल्डिंगमधून पोळपाट काय, पाळण्याची कडी काय, रांगच लागली. बाबा ओरडायचे सगळ्यांवर, पण सकाळी माझ्या आधी अंघोळ करून तयार असायचे. दोन महिन्यांत त्यांची तब्येतसुद्धा सुधारली.

अडचण एकच होती. बाबांचा हात फार भराभर चालायचा आणि माझी यादी संपत आली होती. एक वस्तू झाली की ते पिशवी भरायला घ्यायचे आणि मी पुढचं काम काढायचे. शेवटी मी म्हटलं, "हॉलमध्ये एक दिवाण हवा."

"तुला पलंग आहे की आत."

"पाहुण्यांना."

"कोण पाहुणे येतात तुझ्याकडे? तुझ्या तोंडामुळे दूधवालासुद्धा पिशवी टाकून पळतो."

पण केला त्यांनी. आमच्या हॉलमध्ये खांब आणि भिंतीच्या मध्ये एक कोनाडा आहे, बरोबर दिवाण बसेल असा. मी ऑफिसच्या टेपने मापला: सहा फूट चार सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, लाकूडकामातली माणसं अजून त्यातच बोलतात. म्हणजे सहा फुटांचा दिवाण केला की दोन्ही बाजूंना बोटही शिरणार नाही इतकीच फट. बाबा खूश झाले. म्हणाले, चार माणसांना नुसतं टेकायला करतात तसला नाही करणार, पॅटर्नसारखा करणार. सिंधी मालकांच्या बराकीची ती लांब तुळई त्यांनी यासाठीच राखून ठेवली होती. एकही खिळा न ठोकता, सगळे सांधे लाकडात लाकूड अडकवून, तीन आठवडे ते त्याच्याशी खेळत होते.

एका रविवारी सकाळी सेक्रेटरी आणि वॉचमन यांनी दिवाण गच्चीवरून खाली आणला. कोनाड्यासमोर ठेवला, आत ढकलला, आणि तो अडकला.

पुन्हा ढकलला. तिरका करून पाहिला. नाही म्हणजे नाही. मी टेप काढला आणि दिवाणाला लावला. आणि ऑफिसात बोलते त्याच कोरड्या आवाजात मी बोलून गेले, "सहा फूट सहा सूत. पाऊण इंच जास्त आहे."

जीभ चावायला हवी होती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग दिवाणाकडे. पुन्हा मापून बघितलंसुद्धा नाही. खुर्चीवर बसले आणि शांतपणे म्हणाले, "हात गेला माझा."

"काहीतरीच काय! पाऊण इंच तर आहे!"

"पॅटर्नमध्ये पाऊण इंच म्हणजे काय माहितीय तुला? भंगार." मग म्हणाले, "काकांचं असंच सुरू झालं होतं. आधी आकडे गेले, मग माणसं." त्यांचे काका शेवटी स्वतःच्या घराचं दार विसरले होते, ते मी लहानपणापासून ऐकत आले होते. बाबांना मरणाची भीती कधी नव्हती. या एका गोष्टीची होती. ते उठले, हत्यारं तेलाच्या फडक्याने पुसायला लागले. "उद्या सकाळी खोलीवर जातो. चांगलं लाकूड नासायला नको माझ्या हातून."

आता मी काय करणार? मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी आपटायला लागले. मला रडताही येईना. या माणसाला मीच दिवाण करायला लावला होता, माझ्या लबाडीपायी, आणि मीच मोजून त्याच्या वर्मावर बोट ठेवलं होतं. आता तो त्या मोरीच्या खोलीत जाऊन आपलं डोकं कधी जातंय याची वाट बघत बसणार होता.

भांडी आपटता आपटता मांडणीवर हात आपटला. दोन फुटांची मांडणी. वीस वर्षांची सवय म्हणा, मी कंबरेला लावलेला टेप काढला आणि मापली. दोन फूट दोन सूत.

मी हॉलमध्ये आले. चपलांचं कपाट: तीन फूट तीन सूत. टेबल: चार फूट चार सूत. माणसाचा हात चुकतो तेव्हा चूक कशीही वागते, इथे कमी, तिथे जास्त. जी चूक इतकी शिस्तीत वागते ती हाताची नसते, मापाची असते. हे मी रोज नव्या मुलांना शिकवते, आणि स्वतःच्या घरात दोन महिने आंधळी होते!

बाबांची पिशवी उघडून मी त्यांची दोन फुटांची पोलादी पट्टी काढली आणि माझ्या टेपशेजारी ठेवली. पट्टीच्या दोन फुटांच्या रेघेसमोर माझा टेप दोन फूट दोन सूत दाखवत होता. पट्टीच्या पाठीमागे झिजून गेलेली अक्षरं होती, उजेडात तिरकी धरून कशीबशी वाचली, 'कास्ट आयर्न श्रिंकेज', आणि मग सगळं उलगडलं. गरम बीड थंड होताना आकसतं. म्हणून पॅटर्न थोडा मोठा करावा लागतो, आणि दर वेळी हिशोब नको म्हणून पॅटर्न मेकरची पट्टीच मुळात लांब केलेली असते. फुटामागे एक सूत. साधी पट्टी अंबरनाथच्या खोलीवर राहिली होती आणि तीस वर्षांच्या सवयीने हाताला लागली ती ही.

मी पट्टी घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. "बाबा, दिवाण चुकलेला नाही."

"उगाच समजूत काढू नकोस."

"चुकलेला नाही. फक्त बिडात ओतायचा राहिलाय. ओतला की बरोबर बसेल."

त्यांनी पट्टी हातात घेतली. खिडकीपाशी गेले. अक्षरांवरून अंगठा फिरवला, चष्मा वर केला, खाली केला. मग म्हणाले, "आयला!" आणि हसायला लागले. असे हसले, असे हसले, की ठसका लागला, मी पाठ चोळत होते आणि मीही हसत होते आणि रडतही होते, सगळं एकदम. टेबल, कपाट, मांडणी, सगळं घरच त्यांनी ओतकामाला काढलं होतं! फाउंड्री बंद पडून इतकी वर्षं झाली तरी त्यांच्या हिशोबाने माझं घर उद्या भट्टीत जाऊन थंड होणार होतं.

ठसका थांबल्यावर त्यांना राग आला. तो अर्थात माझा. "एवढी क्वालिटीत काम करतेस आणि दोन महिने तुला कळलं नाही? पगार कशाचा घेतेस?"

"मी घरी येऊन फुल्या मारू काय?"

"मारायच्या! माझ्या कामावर तर आधी मारायच्या!"

मग प्रश्न उरला दिवाणाचा. मी म्हटलं, दोन सूत तर घासायचं आहे, मारा रंधा. बाबांनी साफ नकार दिला. सांधे टोकापर्यंत गेलेत, घासले तर सैल होतील, आणि मुख्य म्हणजे, "चूक लाकडाची नाही. त्याने का म्हणून सोसायचं?"

"मग कोणी सोसायचं?"

त्यांनी कोनाड्याच्या भिंतीवर बोटाच्या पेराने ठोकलं. "प्लास्टर जाड मारलंय बिल्डरने. इथलं दोन सूत काढू."

माझी नवी भिंत! जिच्यावर मी कॅलेंडरचा खिळासुद्धा ठोकू दिला नव्हता! पण पटाशी आणि हातोडी मीच आणून दिली. दुपारभर ते ठोकत होते, मी सुपलीत भुगा गोळा करत होते, खालच्या मजल्यावरून काय चाललंय म्हणून विचारणाही झाली. संध्याकाळी दिवाण आत सरकला. कड भिंतीला अशी लागली की मधून पोस्टकार्ड जाणार नाही. बाबा त्यावर आडवे झाले आणि लगेच घोरायला लागले.

त्यानंतरचे दिवस मी जीव मुठीत धरून काढले. कारण आता काम संपलं होतं. खरंच संपलं होतं. माझ्याकडे एक साधी फळीसुद्धा मागायला उरली नव्हती, आणि पुन्हा लबाडी करायचं धाडस नव्हतं. सोमवारी ते काही बोलले नाहीत. मंगळवारी नाहीत. बुधवारी मी कामावरून आले तर ते टेबलाशी बसले होते, बाहेरचे कपडे घालून, समोर कागद. मी मनात म्हटलं, झालं.

"लाईट बिल दे," ते म्हणाले.

एवढ्यावरच माझा स्फोट झाला. "बिल मी भरते! दोन महिने राहिलात तर त्याचेही पैसे देऊन जाणार का आता? इतकी परकी आहे का मी?"

"ओरडू नको. केंद्रावर जाऊन आलो मी आज, शेअर रिक्षाने. बिल तुझ्या नावावर आहे, नुसतं चालत नाही म्हणाले. त्याच्याबरोबर हे पण लागतं." आणि त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

आधार कार्डावरचा पत्ता बदलण्याचा फॉर्म होता. पॅटर्नवर नंबर घालायचे तशा ठसठशीत, सरळ अक्षरांत सगळा भरलेला. पत्त्याच्या जागी माझ्या बिल्डिंगचं नाव, फ्लॅटचा नंबर, बदलापूर. त्याखाली 'कुटुंबप्रमुखाचे नाव' अशी ओळ होती. तिथे त्यांनी माझं नाव लिहिलं होतं. 'कुटुंबप्रमुखाशी नाते' यापुढे लिहिलं होतं: वडील.

मला अक्षरं दिसेनाशी झाली.

"काय झालं? चुकलंय का कुठे?"

"नाही," मी म्हटलं.

"मग सही कर. आणि रेघेच्या आत कर, परत पाठवतात ते."